चौथं वल्हं

ट्रॉन्डुरनं काउंटरवर दोन कॅमेरे मांडले,
दोन स्थळं सांगून आल्यासारखे.
एक चोवीस मेगापिक्सेलचा. चपळ,
सेकंदाला वीस फोटो, अंधुकात मांजरासारखा बघतो.
दुसरा एकसष्टचा. अंगानं जड, जरा सावकाश,
पण एकदा पाहिलेलं काही विसरत नाही.

"मारयुन, तुमचा पेपर फोटो छापणार तीन कॉलमांत.
एकसष्ट घेऊन काय करशील,
माशाची खवलं मोजशील?"

मी पावसाचं विचारलं.
आमच्या बेटांवर उन्हाळा म्हणजे थोडा कोमट पाऊस.
सांध्यांना रबर आहे का, खारं पाणी आत शिरेल का,
ओल्या हातमोज्यातून बटण सापडेल का,
चारशेची लेन्स लावून धक्क्यावर तासभर उभं राहिलं
तर मनगट जाग्यावर राहील का.
किमतीचं नाही विचारलं.
ती आत शिरतानाच वाचून झाली होती.

"शनिवारी क्लाक्सविकला शर्यत आहे ना?
दोन्ही ने. सोमवारी एक परत आण.
बुडवलेस तर दोन्ही तुझे."

शनिवारी धुकं डोंगराच्या गुडघ्यापर्यंत.
धक्क्यावर लोकरी स्वेटर, कॉफीचे थर्मास,
कुणाचा तरी आजा जुन्या शर्यतींचे निकाल तोंडपाठ म्हणत.
आठ वल्ह्यांच्या नावा निघाल्या.
वल्हवणारे पाठमोरे जातात पुढं,
जिथं पोचायचं ते त्यांना दिसत नाही,
दिसतो फक्त मागं पडणारा किनारा,
आणि त्या किनाऱ्यावर मी,
एका खांद्यावर एक, दुसऱ्यावर दुसरा.

आमची नाव निळी. चौथ्या फळीवर रोई,
माझा धाकटा भाऊ.
अर्ध्या नावेनं हरलो.
गावानं वाऱ्याला दोष दिला, मग सुकाणूवाल्याला,
मग पुन्हा वाऱ्याला.

जुलैत रात्र येते ती नावापुरती.
त्या उजेडातच पडद्यावर फोटो मोठे करत बसले.
चोवीसच्यात रोई म्हणजे काही करडे ठिपके
आणि एक ठिपका लाल, त्याची टोपी.
एकसष्टच्यात त्याच्या भुवईवरचं पाणी दिसलं,
फळीवरचा निघालेला रंग,
आणि वल्हं.
सात वल्ही पाण्यात.
चौथं पाण्याच्या वर, वीतभर.
पुढचा फोटो पाहिला. त्याच्या पुढचा.
सलग पाच. पाचही वेळा वीतभर.

कॉफी थंड झाली ते कळलं नाही.
लहानपणी बटाटे काढताना
हा असाच रिकामी टोपली घेऊन लगबगीनं फिरायचा.

रविवारी तो आला, जॅकेट एका हातानंच काढलं.
"दाखव."
मी लांबूनचे दाखवले, नाव, डोंगर, फेस.
"मोठं कर."
"याच्यात नाही होत."
त्यानं माझ्या हाताखालचा माउस ओढून घेतला,
स्वतःच जवळ जवळ जात राहिला, थांबला,
आणि चौथ्या वल्ह्यावर बोट ठेवलं.

"खांदा मधल्या बोयापाशीच निखळला.
थांबलो असतो तर मागच्याचं वल्हं माझ्यात अडकलं असतं.
म्हणून हवेत मारत राहिलो. सगळ्यांच्या तालात."
"कुणाला बोललास?"
"नावेला कळलं असेल."
मग म्हणाला, "यात खांद्याचं काहीच दिसत नाही, नाही का?"
आणि माझी उरलेली थंड कॉफी पिऊन टाकली.

सोमवारी चोवीसचा परत केला.
ट्रॉन्डुरनं हप्त्यांचा कागद पुढं सरकवला, अठरा महिने.
"मोजलीस खवलं?"
"एक मोजलं."

मंगळवारी फोटो आला, तीन कॉलमांत.
शाई थोडी पसरलेली.
आठही वल्ही पाण्यात वाटतात.